रोपं लागतात, पण वाढत नाहीत : नव्या रानातल्या परसबागेचं दुखणं कसं शोधायचं

"अक्का, तुमची वांगी बसली की हो."

रोपं नेऊन वीस-बावीस दिवस झाले की असा फोन ठरलेला. बसली म्हणजे मेली नाहीत. लावली तेव्हा वीतभर होती, आजही वीतभरच आहेत. खालची दोन पानं पिवळी झाली, वर दोन नवी आली, ती आधीच्यापेक्षा लहान. माणूस रोज सकाळी पाणी घालतोय, आठवड्याला युरियाची मूठ टाकतोय, आणि वाफा जिथल्या तिथं.

बेळगाव जिल्ह्यात खानापूर रस्त्याला माझी छोटी रोपवाटिका आहे. २०२० साली कर्नाटकात जमीन सुधारणा कायद्यातली अट निघाली, शेतकरी नसलेल्यांनाही शेतजमीन घेता यायला लागली. तेव्हापासून गावाकडं पाच-दहा गुंठे घेऊन घरच्यापुरती भाजी पिकवू म्हणणारी कुटुंबं माझ्याकडं जास्त येतात. हौस दांडगी. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, फ्लॉवर, सगळं पहिल्याच दिवशी पाहिजे. सुरुवातीला तक्रार आली की मी रोपं बदलून द्यायची. बदललेलीही तिथंच बसायची. मग स्कुटरच्या पायाशी सळई, पिशवीत खुरपं नि काचेचा ग्लास टाकून मीच जाऊन बघायला लागले.

आता इतकी रानं बघून झाली आहेत की एवढं ठामपणे सांगते: रोपातच खोट असली तर ती बहुतेक आठवड्याभरात दिसते, आणि त्याच ट्रेमधली रोपं ज्यांनी ज्यांनी नेली त्यांच्याकडंही तसंच होतं. म्हणून आधी मी चार गिऱ्हाइकांना विचारते. त्यांची रोपं बरी असतील तर दोष जमिनीत, पाण्यात किंवा खतात आहे. रान तुमच्यासाठी नवं. पण तिथं आधी ऊस झालाय, तंबाखू झालीय, जेसीबी फिरलाय, नाहीतर कुणीतरी बांधकामाची माती आणून ओतलीय. खालच्या तपासण्या बिनपैशाच्या आहेत तिथून सुरू होतात. क्रम मोडून एकदम माती परीक्षणाला पळू नका. आणि तोवर युरिया बंद. त्यानं पान चार दिवस हिरवं दिसतं आणि खरी खूण पुसली जाते.

आधी लक्षणं

सकाळी एकदा आणि दुपारी दोनला एकदा वाफ्यासमोर उकिडवं बसून बघा.

– खालची जुनी पानं आधी पिवळी, वरची फिकट: नत्र कमी पडतंय. एक तर पावसानं धुऊन गेलं, नाहीतर कच्च्या खतानं ओढून घेतलं.

– वरची कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या: लोह मुळांना मिळत नाही. चुनखडीच्या काळ्या रानात हे नेहमीचं. पाणी तुंबलेल्या वाफ्यातही होतं.

– पानांच्या कडा करपलेल्या: क्षार, खारं पाणी किंवा न कुजलेलं खत.

– पानं खालून जांभळट, रोप खुजं: स्फुरद मिळत नाही. आपल्या तांबड्या जांभ्या मातीत बघायला मिळतं.

– शेंडा पिळवटलेला, पानं अरुंद, दोरीसारखी: शेजारच्या उसात तणनाशक मारलं आणि वाऱ्यानं तुमच्या टोमॅटोवर आलं, असा माझा पहिला संशय. विषाणू रोगातही असं दिसतं. पण फवारणीचं असेल तर त्या बाजूची सगळीच रोपं एकदम बिघडतात.

– दुपारी माना टाकतात, संध्याकाळी परत उठतात: मुळं कमी आहेत किंवा खाली जाता येत नाही.

– हिरवंगार रोप दोन दिवसांत आडवं: मर रोग किंवा हुमणी (मुळं खाणारी अळी). हे 'बसणं' नव्हे, वेगळं दुखणं आहे. पण लोक दोन्हीला एकच नाव देतात.

आता पानावरून नजर काढून सगळा वाफा बघा. कुठं कुठं बसलंय ते कागदावर काढा, अगदी ओबडधोबड. अर्धा भाग बसलाय आणि अर्धा बरा आहे, तर जमीन. सरळ पट्ट्यात बसलंय, तर ट्रॅक्टरची चाकोरी, जुना बांध, पाइपलाइनचा चर किंवा झाडाची मुळं. मध्येच एखादं, तिकडं एखादं, असं विखुरलेलं असेल तर कीड नाहीतर रोग. पानं वाचायला मला पाच वर्षं लागली. हा नकाशा कुणालाही पहिल्या दिवशी वाचता येतो.

हे मी शिकले ते स्वतःच्याच चुकीतून. आमचे अकरा गुंठे खानापूर तालुक्यात उताराला आहेत. घेतल्या घेतल्या जेसीबी लावून सपाट केले, फार सुंदर दिसले. त्या वर्षी खालच्या अर्ध्यात दोडका मांडवावर गेला आणि वरच्या अर्ध्यात वांगं गुडघ्याच्या वर आलं नाही. एकच बियाणं, एकच खत, एकच पाणी. वरच्या अंगाची सुपीक माती खरवडून मी खालच्या अंगाला ढकलली होती आणि वर उरला होता मुरूम. त्यात तीन वर्षं शेणखत घालतेय तेव्हा कुठं मेथी येतेय.

१. ऊन आणि झाडं (खर्च शून्य, वेळ एक दिवस)

सकाळी आठ, दुपारी बारा, दुपारी चार, तीन वेळा वाफ्यावर ऊन आहे का ते बघा. फळभाजीला निदान सहा तास थेट ऊन लागतं. पालेभाजीचं त्याहून कमी ऊनात भागतं. बांधावर नीलगिरी असेल तर सावलीपेक्षा तिची मुळं जास्त त्रास देतात, वाफा तिच्यापासून लांब घ्या. एवढ्यावरच सुटलेल्या तक्रारी मला चार-पाच तरी आठवतात.

२. एक रोप उपटा (खर्च एक रोप)

लोकांचा जीव होत नाही. पण मूळ बघितल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे. ओढू नका, खुरप्यानं भोवती खणून मातीच्या गड्ड्यासकट काढा आणि बादलीत हलक्या हातानं धुवा.

मुळं पांढरी, भरपूर, पण सगळी वरच्या तीन बोटांत पसरलेली: खाली टणक थर आहे. तपासणी ४ कडे जा.

मुळं तपकिरी, साल सुटून येतेय, वास कुबट: पाणी जास्त. तपासणी ३.

मुळांवर गाठी: सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारे डोळ्यांना न दिसणारे कृमी. घेवडा, गवारी, चवळी यांच्या मुळांवर चांगल्या जिवाणूंच्याही गाठी असतात. त्या नखानं सहज सुटतात आणि फोडल्या तर आतून गुलाबी असतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं, ते सुटत नाही.

मुळंच नाहीत, कुरतडलेली, आणि मातीत इंग्रजी सी आकाराची पांढरी जाड अळी: हुमणी. ऊसपट्ट्यात ही असतेच, आणि कच्च्या शेणाच्या उकिरड्यातून आपणच घरी आणतो. अळ्या वेचून काढा. पुढच्या वर्षी पहिला वळीव झाला की संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर भुंगेरे जमतात. फांद्या हलवून ते रॉकेल घातलेल्या पाण्यात पाडा. ही एकट्यानं करायची गोष्ट नाही, शेजारच्या चार रानांनी त्याच आठवड्यात केली तर उपयोग.

रोप एकदम मान टाकणारं असेल तर ग्लास काढा. बुंध्याजवळून बोटभर खोडाचा तुकडा कापा आणि स्वच्छ पाण्याच्या ग्लासात कापलेलं टोक बुडवून न हलवता धरा. काही मिनिटांत दुधासारखे पांढरे धागे खाली उतरले तर जिवाणूजन्य मर. इथं थांबा. यावर घरी मारायचं औषध नाही, दुकानदार काय वाट्टेल ते देवो. ती रोपं उपटून जाळा, कंपोस्टमध्ये टाकू नका, तिथलं खुरपं-कुदळ धुतल्याशिवाय दुसऱ्या वाफ्यात नेऊ नका, आणि त्या जागी निदान ३ वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा नको.

३. पाणी किती घालताय

"रोज घालतो की!" हे उत्तर अभिमानानं येतं आणि बऱ्याचदा दुखणं तेच असतं. पाणी घालायच्या आधी रोपापासून वीतभर लांब खुरपं घालून चार बोटं खालची माती मुठीत दाबा. गोळा होऊन हाताला चिकटली तर आज पाणी नको. काळ्या मातीत वरची साल दोन दिवसांत तडकते आणि खाली चिखल असतो. शहरातून आलेला माणूस वरची भेग बघून पाइप सोडतो. मुळांना हवा लागते. ती मिळाली नाही की खाली खत असूनही रोप पिवळं पडतं, मग माणूस खत वाढवतो, मग कडा करपतात.

पश्चिमेकडं जांबोटी-कणकुंबीच्या अंगाला उलटा प्रश्न आहे: तिथं पाणी तुम्ही घालत नाही, आभाळ घालतं. तरण्या-म्हाताऱ्या पावसात, म्हणजे जुलैच्या झडीत, लावलेलं टोमॅटो मी आजवर धड झालेलं बघितलं नाही. त्या दिवसांत वेलवर्गीय घ्या, त्याही रोहिणीत उंच गादीवाफ्यावर टोकून ठेवलेल्या. टोमॅटो-कोबी गणपती उठल्यावर.

४. खड्डा आणि सळई (खर्च शून्य, वेळ दोन दिवस)

फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर खोल खड्डा काढा. काठोकाठ पाणी भरा, मुरू द्या. परत भरा आणि आता घड्याळ लावा. तासाला इंचभर तरी उतरलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी उभं असेल तर त्या रानात सपाट वाफा चालणार नाही. उलट भरल्या भरल्या गायब होत असेल तर खाली निव्वळ मुरूम आहे. तिथं पाणी थोडं-थोडं, वरचेवर, आणि शेणखत भरपूर.

सळई ओल्या मातीत घालायची, पावसानंतर किंवा पाणी देऊन दुसऱ्या दिवशी. अंगाचा भार टाकून बघा. हात-दीड हात सहज गेली तर ठीक. सहा-आठ इंचांवर सगळीकडं एकाच खोलीला अडत असेल तर तो टणक थर. उसाच्या ट्रॉल्या आणि वर्षानुवर्षं एकाच खोलीची नांगरट यांनी तो बनतो. रोटर मारून माती रव्यासारखी दिसते म्हणून लोक फसतात. रोटर वरचे चार-पाच इंच भुगा करतो, खालचा थर तसाच. गुंठा-दोन गुंठ्यांचं असेल तर उन्हाळ्यात पहारीनं फोडता येतो. त्याहून मोठं असेल तर कमरेचा विचार करा आणि सबसॉयलरवाला ट्रॅक्टर बोलवा. माती ओली असताना मात्र कोणतंच अवजड यंत्र आत घेऊ नका.

सळई ठणकन वाजून ठिकठिकाणी वेगवेगळ्या खोलीला अडत असेल तर खणून बघा. विटांचे तुकडे, सिमेंटची खपली, प्लास्टिक निघालं तर ती भरावाची जमीन. रंगाचे डबे, तेलकट माती, बॅटऱ्या, दवाखान्याचा कचरा असं काही निघालं तर थांबा: त्या जागी खायचं काही लावू नका, कितीही शेणखत घातलं तरी. फुलझाडं लावा.

५. चार कुंड्या (खर्च शून्य, वेळ तीन आठवडे)

मला एकच तपासणी ठेवा म्हणालात तर मी ही ठेवीन.

चार सारख्या कुंड्या घ्या, किंवा तळाला भोकं पाडलेले डबे. दोनमध्ये तुमच्या वाफ्यातली वरची वीतभर माती. दोनमध्ये ज्या जागेवर वर्षानुवर्षं भाजी चांगली येते तिथली, शेजारच्या परड्यातली मागून आणा. प्रत्येक मातीची एक कुंडी तुमच्या बोअरच्या पाण्यावर, दुसरी साठवलेल्या पावसाच्या किंवा ज्या पाण्याची खात्री आहे त्या पाण्यावर. नावं लिहा, कारण आठव्या दिवशी तुम्ही विसरणार. प्रत्येकीत पाच-सहा बिया घेवड्याच्या आणि तेवढ्याच काकडीच्या. सारखं ऊन. खत नाही.

तीन आठवड्यांनी:

चारही बऱ्या असतील तर तुमची माती आणि पाणी दोन्ही चांगलं आहे. दोष वाफ्याच्या घडणीत आहे, म्हणजे टणक थर किंवा निचरा. कुंडीत माती मोकळी होती म्हणून रोप वाढलं.

बोअरच्या पाण्याच्या दोन्ही कुंड्या रोडावल्या तर पाणी.

तुमच्या मातीच्या दोन्ही रोडावल्या आणि दुसऱ्या मातीच्या बऱ्या तर मातीतच काही आहे: क्षार, आम्लता, किंवा तणनाशकाचा उरलेला अंश. तणनाशकाची एक खूण आहे. बी छान उगवतं, पहिली दोन जाड पानं हिरवीगार असतात, आणि खरी पानं आली की ती कडेकडून पिवळी-पांढरी होत वाळतात. उसात आणि मक्यात ॲट्राझिन सर्रास मारतात. ऊस, मका, ज्वारी त्याला दाद देत नाहीत, पण घेवडा, काकडी, टोमॅटो होरपळतात. कोरड्या, विम्ल (आम्लाच्या उलट, चुनखडीच्या) काळ्या मातीत ते जास्त काळ टिकतं, म्हणून अथणी-रायबागकडच्या रानात हा संशय मी आधी घेते. इलाज सोपा आणि कंटाळवाणा: एक हंगाम तिथं मका घ्या, कुजलेलं खत घाला, ओल टिकवा, आणि पुढच्या हंगामाआधी परत कुंडी लावा.

एकदा एका काकांनी तीन आठवडे थांबायला नको म्हणून चौथ्या दिवशी मला कुंडीचा फोटो दाखवला. "उगवलंय की अक्का, माती चांगलीय!" उगवायला बियातलीच शिदोरी पुरते. थांबा.

६. खत कुठून आलं

शेणखताच्या ढिगात हात घाला. गरम लागतंय, शेणाचा वास येतोय, काड्या ओळखू येतायत, तर ते खत नव्हे, शेण आहे. भुसा किंवा काडीकचरा न कुजता मातीत गेला तर तो कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र आधी स्वतः खातात. चांगलं खत काळसर, भुसभुशीत, पावसाच्या मातीसारख्या वासाचं. गुंठ्याला साधारण अडीचशे किलो, लागणीआधी पंधरा-वीस दिवस मिसळून. कच्चं पडलंच असेल तर आता उपसत बसू नका. महिनाभर ओलसर ठेवा, मग लावा.

७. जमिनीचं मागचं विचारा

पहाणीचा उतारा (आपल्याकडचा सात-बारा) काढलात ना खरेदीच्या वेळी? त्यातला पिकाचा रकाना परत वाचा. मालकाचं नाव बघायला सगळे वाचतात, पीक कुणी बघत नाही. तो रकाना दरवेळी खरा असतोच असं नाही, म्हणून बांधाला बांध असलेल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. पानसुपारी घेऊन जा. "आज्जा, इथं आधी काय असायचं?" एवढंच. पाणी कुठं तुंबतं, मुरूम कुणी नेला, जुनी विहीर कुठं बुजवली, सगळं बाहेर येतं.

निपाणीच्या आसपास उत्तर तंबाखू असण्याचा संभव मोठा. तंबाखू, टोमॅटो, वांगी, मिरची ही एकाच कुळातली. एकाचे रोग, सूत्रकृमी दुसऱ्याला. तंबाखूच्या मुळांवर जगणारं एक बिनपानांचं फिकट तण असतं, ते टोमॅटो-वांग्याच्या मुळांनाही धरतं. बुंध्याशी असा कोंब दिसला तर फुलायच्या आत उपटा. त्याचं बी धुळीसारखं बारीक, आणि मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. अशा रानात पहिली दोन वर्षं कांदा, लसूण, मका, मेथी घ्या. आणि तंबाखू मळलेल्या हातानं रोपं लावू नका. पानं चट्ट्यापट्ट्यांची करणारा विषाणू त्या हातावरून जातो. साबणानं हात धुतले की झालं. माझ्याकडच्या गड्यांशी रोज यावरून वाद होतो.

गाठी दिसल्या असतील तर एप्रिल-मेमध्ये वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडा, चार ते सहा आठवडे. काळं प्लास्टिक नको, त्यानं खालची माती तेवढी तापत नाही. नंतर एक हंगाम झेंडू.

८. पावसाचं पाणी, लिंबू आणि मातीचा खडा

सुक्या मातीवर लिंबू पिळा. फसफसलं तर चुनखडी. कोवळी पानं पिवळी नि शिरा हिरव्या असं असेल तर लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), अर्ध्या लिंबाचा रस, संध्याकाळी फवारा. आठ दिवसांत नवं पान हिरवं आलं तर निदान बरोबर. हा तात्पुरता आधार आहे. चुनखडी जमिनीतून जात नाही, तिथं कुजलेलं खत आणि पिकांची निवड एवढंच हातात आहे.

दुसरं: ग्लासात पावसाचं पाणी घेऊन वाटाण्याएवढा सुका खडा अलगद सोडा. ढवळू नका. ढासळून तळाला बसला तर हरकत नाही. भोवती दुधासारखा ढग पसरून तासाभरानंतरही पाणी गढूळच राहिलं तर जमीन चोपण असण्याची शक्यता. चोपण रान ओलं असताना साबणासारखं निसरडं आणि वाळलं की विटेसारखं. कृष्णाकाठी अथणी, रायबाग, चिकोडीकडं उसाला पाणी सोडून सोडून खालचं पाणी वर आलंय आणि त्याबरोबर क्षार. कुठं उन्हाळ्यात जमिनीवर पांढरी फूट दिसते.

क्षाराचा संशय असेल तर वरंब्याच्या माथ्यावर रोप लावू नका. पाणी उडतं तसे क्षार माथ्यावर साठतात. बगलेत लावा. पालक आणि बीट तग धरतात, घेवडा-गाजर नाही.

९. आता माती परीक्षण

वरचं करून झाल्यावर पाकीट भरा. झाडाखालची, उकिरड्याजवळची, बांधालगतची माती नको. आठ-दहा जागी इंग्रजी व्हीसारखा वीतभर खोल खड्डा करून कडेची माती घ्या, एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, परत तसंच, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा. युरियाच्या पोत्यात नेऊ नका. हसू नका, नेतात. बोअरच्या पाण्याची बाटली त्याच दिवशी द्या. आपल्या होबळीच्या (तालुक्यातल्या महसूल मंडळाच्या) रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या कचेरीत, चौकशी करा. बैलहोंगल तालुक्यात मत्तिकोप्पला कृषी विज्ञान केंद्र आहे.

परीक्षणाचं कार्ड कन्नडमधून येतं आणि आपली मंडळी ते घडी घालून ठेवून देतात. सारजनक म्हणजे नत्र, रंजक म्हणजे स्फुरद, रससार म्हणजे सामू (पीएच). सामू ६ ते ७.५ मध्ये असला की भाजीला बरं. खानापूरच्या तांबड्या मातीत तो खाली असतो, तिथं चुना लागतो. किती, ते त्या कार्डावरूनच. डोळे झाकून चुना टाकलेली दोन रानं मी बघितलीत, दोन्हीकडं पुढं लोहाची टंचाई झाली. पाण्याची क्षारता मीटरला ०.७५ डेसिसायमनपर्यंत असली तर बहुतेक भाज्यांना चालते, २.२५ च्या वर गेली तर त्या बोअरवर भाजीचा हट्ट सोडा, पावसाचं पाणी साठवा.

कुठं हात टेकायचे

सामू ८.५ च्या वर, किंवा जमिनीवर पांढरी फूट आणि पाणी मुरत नाही, असं दोन्ही असेल तर घरच्या घरी काही करू नका. जिप्सम दुकानात मिळतं म्हणून आणून टाकतात. पण सुटलेला क्षार वाहून जायला निचरा नसला तर पैसे मातीत. चर कुठं काढायचा, पाणी कुणाच्या रानात जाणार, हे ठरवायला कृषी खात्याचा किंवा विज्ञान केंद्राचा माणूस रानात आणा. सूत्रकृमी सगळ्या वाफ्यांत असतील, मर दोन हंगाम परत आली असेल, तर गोकाककडच्या अरभावी फलोत्पादन महाविद्यालयाच्या जाणकारांना रोप दाखवा. आणि कसलंही निदान नसताना कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक एकत्र करून मारू नका. ती भाजी तुमचीच नातवंडं खाणार आहेत.

तोवर वाफा मोकळा ठेवायचा नसेल तर मृगात ताग पेरा आणि फुलावर यायच्या सुमाराला, दीड महिन्यानं, गाडून टाका. खारवट रानात तागाऐवजी धैंचा. खानापूरकडं गादीवाफे फूटभर उंच करा; अथणीकडच्या कोरड्या रानात मात्र, निचरा बरा असेल आणि क्षार नसतील तर, वाफा जमिनीच्या पातळीला किंवा थोडा खोलगटच बरा, पाणी टिकतं.

एवढं करूनही रोपं बसलीच तर माझ्याकडं या, पण फोटो आणू नका. एक बसलेलं आणि एक बरं रोप, दोन्ही मुळासकट, ओल्या कागदात गुंडाळून आणा. आणि तो ओबडधोबड नकाशाही.